पुतळीवरची अक्षरे

(द्वितीय वर्ष कला)

सोन्याची दोन रूपे माणसाने फार पूर्वीपासून मानली आहेत. एक नाणे आणि दुसरे दागिना. नाणे बाजारात फिरते, दागिना अंगावर राहतो. नाण्यावर राजाचे नाव असते. दागिन्यावर बहुधा कोणाचेच नसते, तो जिच्या अंगावर असेल तिचा. पण इतिहास पाहिला तर ही दोन रूपे वेळोवेळी एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि त्या मिसळण्यात आपल्या कोकणपट्टीचा आणि आपल्या घरांतील बायकांचा वाटा मोठा आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

अलीकडे परदेशांतील टांकसाळी सोन्याची स्मारक नाणी काढतात. ती भाजी आणायला कोणी नेत नाही. कोणी हौशी माणसाने विकत घ्यावीत आणि कपाटात जपावीत यासाठीच ती पाडलेली असतात. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने २०१९ साली प्राचीन संस्कृतींच्या सोन्यावर शंभर युरोच्या नाण्यांची एक मालिका सुरू केली. पहिले नाणे मेसोपोटेमियाच्या सोन्यावर होते, दुसरे २०२० मध्ये इजिप्तच्या फॅरोंच्या सोन्यावर. प्रत्येकात अर्धा औंस, म्हणजे आपल्या सराफी हिशेबाने दीड तोळ्याच्या आसपास सोने. ही कल्पना एकदा रुजली की प्राचीन रोमच्या स्त्रियांचे हार, कर्णफुले आणि बांगड्या सोन्याच्या नाण्यावर कोरल्या जाव्यात हे ओघानेच येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दागिन्याला नाण्यावर जागा मिळावी, त्याची आठवण राहावी, ही गोष्ट चांगलीच आहे. पण तिकडे दागिना नाण्यावर चढतो आहे, तर आपल्याकडे फार पूर्वी नाणे दागिन्यात उतरले आणि गळ्यात बसले. त्या नाण्याची आठवण आपण काय ठेवली? माझे म्हणणे असे, की आपण ती रोज थोडी थोडी मुशीत घालून वितळवतो आहोत, आणि तिच्यावर काय लिहिले होते ते वाचायचे कष्टही घेत नाही.

प्रथम रोमन दागिन्याकडेच पाहू. कारण तो वाटतो तितका परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाचा रोमन लेखक होऊन गेला. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या ७९ सालच्या उद्रेकात त्याचा मृत्यू झाला. आपल्या ग्रंथात तो तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हाच प्लिनी लोलिया पावलिना या स्त्रीची हकिकत सांगतो. ती कॅलिग्युला बादशहाची एके काळची राणी. एका साध्या साखरपुड्याच्या मेजवानीला ती डोक्यापासून बोटांपर्यंत पाचू आणि मोत्यांनी मढून आली होती. त्या सगळ्याची किंमत चार कोटी सेस्टर्स, आणि कोणी विचारलेच तर दाखवायला खरेदीचे कागद तयार! म्हणजे प्लिनीचेच आकडे धरले, तर एका बाईच्या अंगावरचा दागिना हा साऱ्या हिंदुस्थानच्या व्यापाराच्या वर्षाच्या आकड्याजवळ जातो. तिकडे रत्ने, मोती, मिरी, तलम कापड जात होते. इकडे सोन्याचांदीची नाणी येत होती. रोमन स्त्रीचा दागिना आणि आपल्याकडे आलेले रोमन नाणे ही एकाच सौद्याची दोन टोके होती.

हा सौदा काही दूर कुठे होत नव्हता. त्याच शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोच, सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे येतात. आत देशावर पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येतात. आमच्या शिरवण्याहून लोकलने तासाभरात कल्याणला पोचता येते. समोरच्या घारापुरी बेटावर रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. कान्हेरीच्या एका शिलालेखात तर कल्याणच्या एका सुवर्णकाराने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या खाड्यांच्या काठी सोनार होता, त्याच्याजवळ दान देण्याइतके धन होते, आणि आपले नाव दगडात राहावे अशी त्याची इच्छा होती. आपल्या बोलण्यात ‘दाम’ हा शब्द आहे, तो ‘द्रम्म’ या शब्दामार्फत ग्रीक नाण्याच्या नावावरून आला. संस्कृतातला ‘दीनार’ रोमन नाण्यावरून आला. नाणी वितळली तरी शब्द मागे राहिले ते असे.

आलेल्या रोमन नाण्यांचे आपल्या लोकांनी काय केले? दोन गोष्टी केल्या. दक्षिणेत पुदुकोट्टईला १८९८ साली ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर बादशहाच्या चेहऱ्यावरूनच छिन्नीचा घाव घातलेला आहे. नाणे चलनातून बाद करून केवळ धातू म्हणून उरावे यासाठी तो घाव होता, असे अभ्यासक मानतात. आणि दुसरी काही नाणी अशी मिळतात, की त्यांवर बादशहाच्या डोक्याच्या वर दोन बारीक छिद्रे पाडलेली आहेत. ती गळ्यात घालण्यासाठी. एकीकडे छिन्नी आणि एकीकडे छिद्र. छिन्नी मारणाऱ्याने चेहरा पुसला आणि वजन ठेवले. छिद्र पाडणाऱ्याने चेहरा सरळ राहील अशी जागा शोधली आणि मग दोरा ओवला. दागिने घालणाऱ्या त्या अनाम बाईला तो माणूस कोण हे ठाऊक नसेल, पण त्याचे डोके खाली येऊ नये एवढी काळजी तिच्या सोनाराने घेतली होती.

ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांचीही सोय होती. तेरला रोमन नाण्यांच्या छापाचे भाजलेल्या मातीचे पदक सापडले आहेत. ओवण्यासाठी त्यांना छिद्र किंवा कडी असते. म्हणजे बादशहाचे नाणे परवडत नाही, तर मातीचे करून घालू, पण घालू! गरिबाच्या हौसेचा याहून जुना पुरावा आपल्या महाराष्ट्रात मला तरी दुसरा माहीत नाही. रोममध्येही पुढे तिसऱ्या शतकात नाण्याभोवती नक्षीची चौकट करून ते पदकासारखे गळ्यात घालण्याची चाल पडली होती. तेव्हा नाणे अंगावर मिरवण्याची हौस ही रानटीपणाची खूण आहे, असे कोणी समजण्याचे कारण नाही.

हीच हौस पुढे पुतळीच्या माळेत आली. इटलीतील व्हेनिस शहराने १२८४ साली ‘डुकाट’ नावाचे सोन्याचे नाणे काढले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी. १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडाले तोपर्यंत, पाचशे वर्षे, या नाण्याचे सोने आणि चित्र जवळजवळ बदलले नाही. एका बाजूला व्हेनिसचा संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून शहराचा प्रमुख हातात निशाण घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त उभा आहे. व्यापारामार्फत हे नाणे आपल्या किनाऱ्यावर आले. आपल्या लोकांना त्यावर दिसल्या बाहुल्या, म्हणून त्याचे नाव पडले ‘पुतळी’. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची जी यादी आहे, तिच्यात नाना प्रकारच्या होनांबरोबर पुतळीही आहे. सोने चोख, चित्र सुबक. मग बायकांनी ते नाणे बाजारात कशाला राहू द्यावे? त्याला कडी लावून, पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून त्यांनी त्याची माळ केली.

मागणी वाढली तसे आपले सोनार स्वतःच पुतळ्या पाडू लागले. आज घराघरांतून ज्या पुतळ्या दिसतात त्यांतील बहुतेक अशा देशी आहेत. पातळ आणि हलक्या. आमच्या सोनाराला लॅटिन लिपी येत नव्हती. त्याने काय केले? अक्षरे म्हणजे एक प्रकारची नक्षी आहे असे समजून ती उतरवली. म्हणून या पुतळ्यांवर काठाने उभ्या रेघा, अर्धगोल आणि ठिपके दिसतात. नीट पाहिले तर त्या मोडक्या अक्षरांच्या सावल्या आहेत. पुढे पुढे संताच्या जागी लक्ष्मीही आली.

माझ्या आजीच्या माळेतल्या पुतळीवर अशाच रेघा आहेत. आजी शाळेत गेलेली नाही. ती वर्तमानपत्र हातात घेते तेव्हा तिलाही त्यात अशाच रेघा आणि ठिपके दिसत असणार. मी भिंग घेऊन तिची पुतळी वाचायला बसले तेव्हा ती हसून म्हणाली, “पुतली गल्यान घालाची, वाचाची नाय.” तिचे म्हणणे तिच्या परीने खरे आहे. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. ज्या घरात आजवर कोणी वाचले नाही, त्या घरातील वाचायच्या गोष्टी पुष्कळ साठून राहिलेल्या असतात. त्या वाचायच्या कोणी?

आता आमच्या गावाचे सांगते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहायची ठरले. शिरवणे त्यातले एक. आज आमच्या गावाच्या एका बाजूला नेरूळ आणि एका बाजूला जुईनगर आहे. ज्या जमिनीवर भात पिकत होता तिथे इमारती आहेत. कौलारू घरे गेली, त्यांबरोबर पाटे, उखळी, कणग्या गेल्या. जुने म्हणून हाताने उचलून दाखवावे असे जे काही उरले, ते बायकांच्या डब्यातले सोने. आता तेही मोडीत निघाले आहे.

मोड का होते, त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. लग्न निघते, घरावर माळा चढवायचा असतो, दवाखान्याची बिले येतात. शिवाय १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत नव्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. ती पद्धत ग्राहकाच्या हिताचीच आहे. सोन्याच्या शुद्धतेची हमी देणारा तो छाप म्हणजे जुन्या टांकसाळीच्या छापाचाच नातू. परंतु त्याचा एक परिणाम असा, की छाप नसलेले जुने सोने म्हणजे काहीतरी कमअस्सल, ते मोडून छापाचे करून घ्यावे, असे नव्या सुनांना वाटू लागले आहे. पेढीवर माळ नेली की प्रथम रेशीम कापतात, मग कड्यांचा डाक काढतात, मग तराजू. घट धरली जाते आणि आकडा सांगितला जातो. त्या आकड्यात सोने आहे. व्हेनिसचा संत नाही, अक्षरे न येणारा सोनार नाही, पटवेकरी नाही, आजीही नाही. पुदुकोट्टईच्या नाण्यांवर जी छिन्नी चालली तीच ही छिन्नी.

मोडूच नका, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी आजीने माळेतल्या दोन पुतळ्या काढून दिल्या. त्या विकल्या म्हणून मी आज या अंकात लिहिते आहे. सोने अडीअडचणीला उपयोगी पडावे म्हणूनच आमच्या बायकांनी ते जपले. ते त्यांचे हक्काचे धन आहे, बहुतेक घरांत एकमेव हक्काचे. जमिनीच्या कागदावर त्यांचे नाव क्वचितच होते. पुतळीवर मात्र कोणाच्या नावाची गरज नव्हती. ज्या बाईला पोटासाठी किंवा पोरीच्या शिक्षणासाठी पुतळी मोडावी लागते, तिला ‘इतिहासाचे जतन करा’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच, की मोडण्यापूर्वी वाचा. वाचायला सोने लागत नाही आणि घटही धरावी लागत नाही.

कोणी म्हणेल, सरकारनेच आपल्या दागिन्यांचे स्मारक नाणे काढावे म्हणजे झाले. आपल्या देशात स्मारक नाण्यांची परंपरा १९६४ साली पंडित नेहरूंच्या नाण्यांपासून सुरू झाली. २०१५ साली अशोकचक्राचे सोन्याचे नाणेही सरकारने विक्रीला आणले. उद्या पुतळीची माळ, ठुशी किंवा वज्रटीक नाण्यावर आली तर मला आनंदच होईल. परंतु असे नाणे पारदर्शक डबीत बंद होऊन, प्रमाणपत्रासह येते, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या कपाटात जाते. पुतळीजवळ प्रमाणपत्र नाही. लोलिया पावलिनासारखे खरेदीचे कागद आमच्या आजीजवळ कुठून असणार? स्मारक नाण्यावर दागिन्याचे चित्र असेल. पण ते काढताना मूळ दागिना कुठे आहे असे कोणी विचारले, तर तो वितळला असे सांगण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

मग करायचे काय? मला सुचते ते असे. आपल्या महाविद्यालयात आसपासच्या गावांतून येणारे विद्यार्थी आहेत. इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून एक वही घालावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी सुटीत आपापल्या घरापासून सुरुवात करावी. दागिन्याला घरात काय म्हणतात, तो कोणाकडून कोणाकडे आला, कशात गाठवला आहे, वजन किती, छाप कसला, हे लिहावे. पुतळीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप हुबेहूब उठतो. लहानपणी आपण सगळ्यांनी रुपयाचे असे छाप काढले आहेत. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. हे सर्व एका संध्याकाळचे काम आहे. त्यानंतर माळ मोडली तरी तिची ओळख राहील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला भीतीचा. कोणाच्या घरात किती सोने आहे याची यादी झाली तर चोर येईल आणि चौकशीही येईल. हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून वहीत घराचे नाव नको, माणसाचे नको, फक्त गावाचे असावे. आणि एकूण सोने किती हे कोणी विचारू नये. दुसरा आक्षेप विद्वानांचा. या पुतळ्या खऱ्या व्हेनिसच्या नाहीत, नकला आहेत, नाणेशास्त्रात त्यांना काय किंमत? मला वाटते, अस्सल डुकाट युरोपातील संग्रहालयांतून पाहायला मिळतील. ज्या सोनाराला अक्षर येत नसूनही ज्याने अक्षराचा मान राखला, त्याची नक्कल मात्र आपल्याच घरांत आहे. ती आपण नोंदवली नाही तर कोणीही नोंदवणार नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. पाया खणताना जमिनीत नाणी सापडली तर ती गुपचूप वितळवावीत, नाहीतर सरकार फुकट नेईल, असा समज गावोगाव आहे. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा याहून वेगळे सांगतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, लपवणे हा गुन्हा आहे. पण कोणी मालक सिद्ध झाला नाही तर त्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा असतो, आणि सरकारने ते स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. आमच्या पट्ट्यात पाया खणणे रोजच चालू आहे. ही माहिती आपण घरी सांगितली तरी पुष्कळ होईल.

मित्रमैत्रिणींनो, या दिवाळीच्या सुटीत लक्ष्मीपूजनाला घरातले डबे उघडतील, दागिने पाटावर मांडले जातील. त्या दिवशी पाच मिनिटे मागून घ्या. पुतळी हातात घेऊन उजेडाकडे धरा, काठावरच्या रेघा पाहा, आईला आणि आजीला विचारा आणि लिहून ठेवा. ज्यांच्या घरी कल्याणच्या त्या सोनारासारखे दगडात नाव कोरणारे कोणी झाले नाही, त्यांच्यासाठी वहीचे एक पानही पुरेसे आहे.